पश्चिमेची भिंत

बाबा, आज जामसंड्याला एका घराची भिंत बघायला गेले होते. आमच्या कारखान्याने चिऱ्याच्या भिंतींसाठी पुन्हा एक लेप तयार केलाय, पावसाळ्यात ओल आत येऊ नये म्हणून, आणि त्याची चाचणी कुठे घ्यायची ते ठरवणं माझं काम. घरमालकाने चहा दिला आणि साधाच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमच्या घराक लावलात काय ह्यो?" मी हसून विषय बदलला. परत येताना गाडीत तुमच्याशी बोलत होते, म्हणून आता लिहितेय. तेही हे असं, ऑफिसातल्या मराठीत. तुमच्याशी मी जन्मात कधी अशी बोलले नाही, पण मालवणीत हे सांगायला घेतलं तर मला रडू येईल आणि सांगायचं राहून जाईल.

तेव्हा मी कुडाळच्या कारखान्यात नवीन होते आणि पहिल्यांदाच एक अख्खी चाचणी माझ्या हातात दिली होती. दोन भिंती हव्या होत्या, दोन्ही पश्चिमेच्या, पाऊस थेट अंगावर घेणाऱ्या. प्रत्येक भिंतीच्या अर्ध्या भागाला आमचा लेप, अर्ध्याला साधा चुना, आणि पावसाळाभर भिंत कशानेही झाकायची नाही. एक भिंत मालवणात बंदराजवळ मिळाली. दुसरीसाठी मी आपल्या गावात, कट्ट्यात, दारोदार फिरत होते. माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप न लावता पावसात भिंत उघडी टाकायला कोण तयार होणार? संध्याकाळी तुम्ही पडवीत बसला होता. आई गेल्यापासून घरात तुम्ही एकटेच. म्हणालात, "लोकांच्या दारात कित्याक जातंस गो? आपली भिंत घे." मी घेतली. आपल्या माणसाच्या घरी चाचणी ठेवायची नसते, हे मला शिकवलेलं होतं. पण तुम्ही मनापासून म्हणत होता, आणि मी दमले होते.

लेप लावून झाला त्या दिवशी आपण दोघं अंगणात उभे राहून भिंत बघत होतो. उरलेला अर्धा डबा मी माळ्यावर ठेवायला दिला. आणि मग ते वाक्य बोलले. विचार करून नाही, चेष्टेतच. "बाबा, ही भिंत गेली तर माझी नोकरी गेली असा समजा." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही जन्मभर एस.टी. चालवली. गाडी वेळेवर पोचली नाही तर जाब कोणाला विचारतात, ते तुम्हाला माहीत होतं. माझ्या कामात भिंत जाणं हेसुद्धा उत्तरच असतं, चाचणी त्यासाठीच घेतात, हे तुम्हाला नीट समजावून सांगायला मला तेव्हा पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

मग पाऊस सुरू झाला आणि मी दर महिन्याला येऊ लागले. मालवणची भिंत दुसऱ्याच फेरीत फुगली, लेपाचे पापुद्रे सुटले. आपली मात्र तशीच. चुन्याचा अर्धा भाग शेवाळाने काळा पडलेला, आणि आमचा अर्धा स्वच्छ, नुकत्याच धुतलेल्या सदऱ्यासारखा. मी भिंतीवर हात फिरवतेय, फोटो काढतेय, आणि तुम्ही मागून म्हणताय, "भिंत बरी आसा. तू आधी चाय पी." मी आतल्या बाजूने बघायला जाते तर तुम्ही म्हणता, मी बघितलंय, सुकी आहे. गणपतीच्या आधीच्या फेरीत भिंतीला एका कोपऱ्यात ताज्या लेपाचा वास येत होता. तो वास मी रोज कारखान्यात घेते, बाबा. मला कळला नसेल कसा? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही अंगणातल्या पोफळीकडे बघत होता. मी चहा प्यायले आणि बदल नाही असं लिहून निघून गेले.

कारखान्यात बैठक झाली. मालवणच्या भिंतीचं काय, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिथला वारा खारा आहे, ती भिंत वेगळी धरावी, असं मीच म्हणाले. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. लेप बाजारात आला. तुम्ही कट्ट्याच्या बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, भेटेल त्याला सांगत सुटलात की माझ्या चेडवाने केलेलं आहे, येऊन भिंत बघा. लोक आले, बघून गेले. शिंपीकाका तर तुमचे रोजचे दोस्त. त्यांनी दुकानामागे नवीन खोली बांधली होती, शिवायचे कपडे ठेवायला. तुमच्या शब्दावर त्यांनी तिला आमचा लेप लावला आणि झाप लावले नाहीत.

पुढच्या पावसात त्यांची भिंत आतून पाझरली. गिऱ्हाइकांचे कपडे भिंतीला लागून ठेवले होते, त्यात एका लग्नघरचे सगळे ब्लाउज. सगळ्यांवर बुरशीचे काळे ठिपके. काका तुमच्या दारात आले तेव्हा मी घरात होते. ते आवाज चढवून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या भिंतीक काय झाला नाय, मगे माझीच कशी गेली?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढे झालात. "माझी चूक झाली. मिया सांगलंय म्हणान तू घेतलंस." ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही आपले झाप खांद्यावर टाकून त्यांच्या भिंतीला बांधायला गेलात, त्यांनी बांधू दिले, पण तुमच्याशी बोलले नाहीत. तुमचं बाजारात बसणं तेव्हापासून सुटलं. मी विचारलं तर म्हणायचात, गुडघे दुखतात.

आणि मी त्या आठवड्यात काय केलं? आमच्याकडे बऱ्याच तक्रारी आल्या होत्या. मी अहवाल लिहिला की ग्राहकांनी लेपाआधी भिंती नीट घासल्या नव्हत्या. शिंपीकाकासुद्धा त्या ग्राहकांत आले. लेप पुढे गुपचूप बंद झाला. माझी नोकरी राहिली.

तुम्ही छातीच्या दुखण्याने कुडाळच्या दवाखान्यात होता तेव्हा काका तुम्हाला भेटून गेले. तुम्ही बोललात, हे मला नर्सने सांगितलं. काय बोललात, ते बाराव्याच्या दिवशी कळलं. जेवणं उरकल्यावर काका मला पडवीत बाजूला घेऊन बसले. "तुझ्या बापाशीन माका सगळा सांगल्यान," ते म्हणाले. "तो दर म्हयन्याक माझी कोळशाची इस्त्री घेऊन जाय. माका सांगल्यान, कपड्यांक इस्त्री करूची आसा." उघडीप मिळाली की तुम्ही फुगलेला भाग खरवडायचा, त्या इस्त्रीने भिंत शेकून सुकवायची आणि माळ्यावरच्या डब्यातला लेप लावायचा. मी यायच्या आदल्या दिवशी. शिडीवर चढून, त्या वयात. "तेका वाटला, तुझी नोकरी जातली," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुका ठावक होता?"

मी म्हणाले, "नाय."

त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले आणि आपल्या चपला शोधू लागले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की फक्त त्या दिवसापुरतं सोडून दिलं, ते मला आजवर कळलेलं नाही. अजून भेटतात. माझ्या मुलीचे शाळेचे कपडे त्यांनीच शिवले. प्रत्येक वेळी माप घेऊन झाल्यावर मी सांगायचं ठरवते आणि पावसापाण्याचं काहीतरी बोलून बाहेर पडते.

आता चाचण्यांचा विभाग माझ्याकडे आहे. नातेवाईकांच्या घरी भिंत घ्यायची नाही, असा नियम मी केलाय. नवीन मुलं कारण विचारतात, मी पद्धत आहे म्हणते. भिंत फुगली की आम्ही तसंच लिहितो, आणि त्यासाठी आजवर कोणाची नोकरी गेलेली नाही. हे तुम्हाला कळायला हवं होतं. मला अपराधी वाटतं ते खरंच वाटतं: काकांच्या कपड्यांबद्दल, तुमच्या सुटलेल्या बाजाराबद्दल, त्या 'नाय'बद्दल. पण त्याखाली अजून एक आहे, जे काकांना कधीच सांगता येणार नाही. तो ताज्या लेपाचा वास आला तेव्हा मला राग आला नव्हता, बाबा. भीतीही वाटली नव्हती. मला फार बरं वाटलं होतं.