जिराफाचाही तोच एजंट

२ सप्टेंबर, सकाळी
जिराफाची सही झाली. बास्केटबॉलच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, दोन वर्षांसाठी. ही बातमी मला एजंटने सांगितली नाही, जिराफाने सांगितली नाही. बायकोने सांगितली, आणि तिला तिच्या दातांच्या दवाखान्यात आलेल्या पेशंटने. म्हणजे तोंड वासून खुर्चीत पडलेल्या माणसालाही माझ्याआधी कळलं.
आनंद झाला. मनापासून.

दुपारी
फोटो पाहिला. जिराफाच्या गळ्यात क्लबचा स्कार्फ, शेजारी आमचा एजंट, एजंटचा हात जिराफाच्या खांद्यावर. (जिराफ बसला होता म्हणून पोचला.) मागच्या वेळी माझ्या सहीच्या फोटोत याच माणसाचे दोन्ही हात खिशात होते. तेव्हा वाटलं, थंडी असेल.
फोटो लाइक केला. मग काढून घेतला. बायको म्हणाली, काढलेलंही कळतं त्यांना. म्हणून परत दिला.

३ सप्टेंबर
परिस्थिती लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड राहील. मी गार्ड. बॉल पुढे न्यायचा आणि मोकळ्या माणसाला द्यायचा, हे माझं काम. जिराफ बास्केटखाली उभा राहतो आणि हातात आयता आलेला बॉल आत टाकतो. याला काम म्हणणं जिवावर येतं. नऊ वर्षं एका टीममध्ये होतो, बाहेरगावी एका रूममध्ये. मी पास दिले म्हणून हा लोकांना दिसला, नाहीतर कोर्टवरचा दिव्याचा खांब.
उन्हाळ्यात क्लब बंद पडला. दोघंही रिकामे, दोघांचा एजंट एकच. त्याची सही झाली, माझी नाही. खेळाडूंची नोंदणी वीस तारखेला बंद होते. तोवर कुणी घेतलं नाही तर सीझन गेला, आणि चौतिसाव्या वर्षी सीझन गेलेल्या गार्डला नंतर कुणी विचारत नाही, असं बायको म्हणते. मी डिसेंबरपर्यंत तेहतीसचाच आहे.
दोष एजंटचा, हे उघड आहे. बदलावा का?

५ सप्टेंबर
उद्यापासून सहाला उठून धावणार. आइस्क्रीम बंद. जिराफाचं अकाउंट बघणं बंद. कुणी विचारलं तर "बोलणी चालू आहेत" एवढंच सांगायचं.

६ सप्टेंबर
सव्वानऊला उठलो. शरीराचं ऐकणं हाही सरावच.
जिराफाचं अकाउंट एकदाच बघितलं. (झोपेत बघितलं ते धरायचं नाही.) क्लबने फ्लॅट दिलाय. दाराची चौकट उंच आहे म्हणून चौकटीचाच फोटो टाकलाय. आमच्या रूमच्या चौकटीवर डोकं आपटून बसायचा, तेव्हा बर्फ कोण आणायचं? कोण लक्षात ठेवतं.
संध्याकाळी पार्किंगमध्ये ड्रिबलिंग. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, नोकरी लागली का. म्हटलं, हीच माझी नोकरी. तर म्हणाल्या, मग ऑफिसात जाऊन करा.
आइस्क्रीम खाल्लं, पण उभ्याने.

८ सप्टेंबर
एजंटचा फोन. उचलला नाही.
मेसेज आला: "फोन कर." बस. या माणसाची जुनी खोड. मेसेज फिरतात म्हणून धंद्यातलं अवाक्षर लिहीत नाही, सगळं तोंडी. माफी मागायची असणार. जरा तडफडू दे.
बायको म्हणाली, उचल की. मी म्हणालो, जिराफाच्या वेळी त्याने उचलला होता का माझा? ती म्हणाली, तू केला कुठे होतास? मुद्दा तो नाही, असं मी म्हणालो. मुद्दा कोणता, ते तिने विचारलं नाही म्हणून बरं.

९ सप्टेंबर
दुसऱ्या एजंटला भेटलो. हॉटेलच्या लॉबीत बसूनही गॉगल. एकूण रुबाब भारी. माझा व्हिडिओ दाखवला, मीच कापून-जोडून केलेला, सर्वोत्तम पास निवडून. गॉगलवाला एकदम पुढे सरकून बघायला लागला. म्हणाला, शेवटी बॉल घेतो तो उंच पोरगा कुणाकडे आहे? माणसाची नजर चौफेर आहे.
त्याला सांगून टाकलं की त्या उंच पोराची सही होऊनही उपयोग नाही. काल जिराफाने जिमचा फोटो टाकला, त्यात मागे त्यांचा गार्ड कुबड्या घेऊन उभा होता. माझ्या नजरेतून सुटतंय काय? आता बस म्हणावं हात वर करून, पास द्यायला कुणी नाही. हे सांगताना फार बरं वाटलं.
गॉगलवाल्याने गॉगल काढला. नक्की का, असं दोनदा विचारलं आणि फोनमध्ये टिपून घेतलं. माझ्या शब्दाला अशी किंमत आमच्या एजंटने कधी दिली नाही.

११ सप्टेंबर
एजंटचे फोन चालूच. आज बायकोच्या दवाखान्यातही केला. ती पेशंटच्या दाढेत होती, राहून गेलं.
आता गरज पडली का? जिराफाला मिरवून झालं, तेव्हा मी आठवलो.
नियम असा आहे की एजंट सोडला की पंधरा दिवस कुठेच सही करता येत नाही. गॉगलवाला म्हणाला, पंधरा दिवस काय, असे निघून जातील. वीस तारखेचं त्यालाही माहीत असणारच. अनुभवी माणूस आहे.

१२ सप्टेंबर
सोडला. संघटनेच्या साइटवर जाऊन बटण दाबलं. "नक्की?" असं विचारलं तिने. नक्की.
एजंटला कळवलं. उत्तर आलं: "ठीक." इतक्या वर्षांचा संबंध, आणि एक शब्द. जिराफाला निदान चार ओळी लिहिल्या असत्या.

१३ सप्टेंबर
जिराफ घरी आला. दारातून वाकून आत आला आणि सोफ्यावर बसलाच नाही. म्हणाला, तुला वेड लागलंय का?
त्यांचा गार्ड पहिल्याच आठवड्यात जायबंदी झाला. जिराफ कोचकडे गेला, म्हणाला मला बॉल देणारा एकच माणूस आहे, तो रिकामा आहे, त्याला घ्या. कोच तयार. एजंट तेवढ्यासाठीच फोन करत होता. आठ तारखेपासून. पक्कं होईपर्यंत तू बोलू नकोस, असं त्याने जिराफाला बजावलं होतं.
मी म्हणालो, मला कल्पना होती, पण कुणाच्या वशिल्याने मी खेळत नाही. तो म्हणाला, वशिला कसला, मला तुझी गरज होती.
मग त्याने संघटनेला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, दाबलेलं बटण मागे घेता येत नाही.
बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बसलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सगळ्यात वाईट हे की तो चांगला वागला.

१७ सप्टेंबर
त्या क्लबने गार्ड घेतला. बावीस वर्षांचा. एजंट कोण, तर गॉगलवाला.
त्याला फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला, "फोन कर." बायको बघत होती.

२१ सप्टेंबर
नोंदणी काल बंद झाली. बोलणी चालू आहेत, असं काकूंना सांगितलं.

४ ऑक्टोबर
जिराफाच्या क्लबची पहिली मॅच टीव्हीवर. बघणार नव्हतो. बायकोने लावली म्हणून नाइलाज. नवा पोरगा अगदीच साधा. ड्रिबल उंच, डावा हात नावाला. तिसऱ्या मिनिटाला याने दोघांच्या मधून पास काढला आणि जिराफाने बॉल आत टाकला. पास ठीक होता. बायको म्हणाली, मस्त होता. मी म्हणालो, ठीक होता.
बास्केट झाली की जिराफ पास देणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि पास देणारा हात वर करतो. आमच्यात नऊ वर्षं असंच चालायचं. त्याने बोट दाखवलं आणि इकडे सोफ्यावर माझा हात वर गेला.
बायकोने विचारलं, काय हवंय? पाणी, म्हणालो. तिने आणून दिलं, आणि मी ते सगळं प्यायलो.