गौरीचा पळस

२ मार्च, रविवार

शेजारच्या कुसुमभाभी येऊन गेल्या. धुलेंडीला, म्हणजे धुळवडीला, सगळा मोहल्ला आपल्याकडे रंग घेऊन येणार म्हणाल्या. गमीच्या, म्हणजे दुखवट्याच्या, घरी पहिला रंग शेजाऱ्यांनी लावायचा, मग शोक उतरला — ही इथली रीत. चार पिढ्या उज्जैनात काढल्यावर आमचीही झाली. मी हो-ना करत होतो, तेवढ्यात अलका आतून बोलली. बाजारचा गुलाल गौरीच्या घरात नको. तिच्या पळसाचा रंग असेल तर लावून घेईन.

सहा महिन्यांत एवढं ती पहिल्यांदाच बोलली! भाद्रपदात चार दिवसांच्या तापात आमची लेक गौरी गेली, तेव्हापासून अलकाने उंबरठा ओलांडलेला नाही.

५ मार्च

गौरीच्या बाटल्या पुसल्या. गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी. ती चित्रं यातूनच काढायची. माझा जन्म बँकेत गेला, मला रंग दोनच ठाऊक — निळी शाई आणि लाल शाई! किती चिडवायचो तिला. टावर चौकात डबीभर रंग मिळतो, तू बस माती चाळत. ती हसायची. नियम मात्र कडक होते बाईसाहेबांचे! फूल तोडायचं नाही, पडलेलं वेचायचं. आणि घेतलं की पाणी घालून यायचं. गावाबाहेरच्या त्या पळसाला उन्हाळाभर स्कूटीवर कॅन बांधून जायची. कधीकधी आईलाही मागे बसवून न्यायची.

पळसाची बाटली रिकामी आहे. रविवारी जाऊन फुलं आणीन.

९ मार्च, रविवार

गेलो. झाड नाही.

रस्ता रुंद होतोय. दोन्हीकडे पिवळी माती उपसलेली आणि कडेला बुंधा, गुडघ्याएवढाही नाही. मजुराला विचारलं, कधी तोडलं? पिछले हफ्ते, म्हणाला. तिथंच बसलो आणि रडलो — लोकांदेखत, या वयात. गौरी गेली त्या दिवशी इतका रडलो नव्हतो. अलकाला सांभाळायचं होतं ना.

घरी आलो तर अलका दारात, हातात पातेलं. फुलं उकळायला! तोंडातून निघून गेलं, यंदा अजून फुलला नाही.

"मग थांबू," ती म्हणाली.

१४ मार्च, धुलेंडी

सगळे आले. अलकाने हात जोडले, पळस फुलला की बोलावते म्हणाली. कुसुमभाभींनी माझ्याकडे पाहिलं. अर्धा मार्च सरला, पळस — इथला टेसू — सगळीकडे पेटलाय! मी चपला सरळ करत बसलो.

१६ मार्च

देवास गेटला वाळलेली टेसूची फुलं मिळाली. घेतली. दारापर्यंत आणली आणि पिशवीतच ठेवली. कुठल्या झाडाची, कुणी ओरबाडलेली, काय माहीत! गौरीच्या नावावर ती कशी खपवू?

अलका रोज विचारते. मी रोज खोटं बोलतो.

१८ मार्च

आज सांगायचंच ठरवलं होतं. चहा घेऊन गेलो तर तिनेच विचारलं, गेला होतात तेव्हा पाणी घातलंत का त्याला? नाही, म्हणालो. एवढंच खरं बोललो. बाकीचं राहिलं.

१९ मार्च, रंगपंचमी

भाजी घेऊन आलो तर घराला कुलूप. कुसुमभाभी फाटकाशी आल्या. "भाभीजी कैन और बाल्टी लेके ऑटो में बैठ गईं, भाईसाब. बोलीं, झाड़ प्यासा है, इसीलिए नहीं फूला."

पिशवी ओट्यावर टाकून आल्या पावली निघालो. अलका बुंध्यापाशी बसली होती. कॅन रिकामा, भोवतीची माती ओली. तिने ओल्या पिवळ्या मातीत बोट बुडवलं, आधी स्वतःच्या कपाळाला लावलं, मग माझ्या.

"अजून एक बादली आणा," म्हणाली.