चार कडव्यांचं पीठ

चिरंजीव भाच्यास,

आशीर्वाद नेहमीचेच, विश्वास तेवढा सध्या राखून ठेवला आहे.

कंपनीची नोटीस आली. बेकरीवरची त्यांची पाटी उतरवणार म्हणतात. कारण काय, तर मी पीठ मळताना यंत्राचं घड्याळ लावत नाही, शाळेतली कविता म्हणून वेळ मोजतो. चौथं कडवं संपलं की पीठ हात सोडतं, हे खरंच. पण ती कविता मी मनातल्या मनात म्हणतो, ओठसुद्धा हलत नाहीत. मग कंपनीच्या कानावर ती गेली कशी?

त्याच टेबलाशी उभं राहून तू ती पाठ केली होतीस. तिसरं कडवं गाळायचास, नि पाव दगड व्हायचा. आता तू कंपनीचा माणूस. त्यांच्या नावाने बेकरी चालवायचा करारही तूच आणलास. "मामा, डोळे मिटून सही करा, तुमची कविता चालेल," म्हणालास. मी डोळे मिटले.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, आधी नोटिशीला उत्तर देऊ, मग लवादाकडे जाऊ, तोवर पाटीला हात लावू नये म्हणून कोर्टाकडून मनाई मागू. पण तुमची पद्धत त्यांना आधीपासून ठाऊक होती, हे सिद्ध कसं करणार?"

लवादापुढे त्या तुला ती कविता म्हणायला सांगतील. म्हटलीस, तर सहीच्या दिवशी कंपनीच्या माणसाला सगळं ठाऊक होतं, हे उघड होईल.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तू कविता विसरायचा सराव करून येशील.

तुझा मामा
(करारात: पक्ष दुसरा)