रंगनाथचा ना-हरकत कागद

नगर, मंगळवार, १३ फेब्रुवारी १९७३

संध्याकाळी सोनईहून सोजरबाई आली, मुलाचं कुवेतचं पत्र घेऊन. तिचा रंगनाथ, मी हेडमिस्ट्रेस असताना शाळेची बस चालवायचा. पत्र चारदा वाचलं, तरी डोक्यात शिरेना. नवा मालक म्हणतो, जुन्याचा ना-हरकत कागद आण. जुना म्हणतो, आधी नव्याचं पत्र दाखव. पासपोर्ट जुन्याच्या कपाटात. महिनाअखेर कागद मिळाला नाही तर त्याला परत पाठवणार. मग सुरुवात करायची कुठून? आणि गाडी हा चालवतो, तर तिथल्या लायसनवर मालकाचं नाव कशाला?

"बाई, नवराबायकोची सोडचिठ्ठी यापरीस लवकर हुती," सोजरबाई म्हणाली.

मी भडकले. माणसाचे कागद कपाटात कोंडायचे म्हणजे काय! नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत त्या मालकाला असं झाडते म्हटलं, की...

"झाडू नका. गोडीनं लिवा. तुमी बी रंगनाथचा नोकरी सोडायचा कागद दोन म्हैने कपाटात ठिवला हुता की. तवा म्या गोडीनंच आले हुते."

ठेवला होता. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत. पण शाळेची अडचण होती, ते वेगळं. वेगळंच होतं ना?

ते दोन महिने ती दर आठवड्याला मेथीच्या जुड्या आणून द्यायची. मला वाटायचं, माया आहे.

पत्र लिहिलं. तीनदा 'कृपया' घातलं. आयुष्यात कुणाला एवढं विनवल्याचं आठवत नाही.