परक्या पानातलं केळं

११ ऑगस्ट, रविवार. हनोई

पोचलो! वडगाव रासाईहून निघताना आबा कुरकुरत होते की विमान म्हणजे खिडकी न उघडणारी एसटी, आणि इथे उतरल्यावर मात्र तेच सगळ्यांच्या पुढे. माझ्या नवऱ्याच्या, विक्रमच्या, दौंडच्या दुकानाला ठिबकच्या कंपनीने दोघांची सहल दिली, तीत आम्ही सासू-सासऱ्यांनाही जोडून घेतलं. लग्नाला दीड वर्ष झालं, पण चौघं मिळून तालुक्याबाहेर पडलो ते आत्ताच.

जुन्या शहरातलं भाड्याचं घर आहे. रुंदी एका खोलीएवढी आणि वर चार मजले, जणू काडेपेटी उभी करून ठेवलीय. म्हातारी मालकीण खालीच राहते. मोबाइल मधे धरून बोलायचं, तो आमचं तिला आणि तिचं आम्हाला सांगतो. तिने आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हाताला धरून खुर्चीत बसवलं. आबांची टोपी बघून गल्लीतली माणसं फोटो काढायला आली. आबा आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन. नुकतंच निवडून आल्यासारखे सगळ्यांना हात जोडत उभे होते. आत्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

१२ ऑगस्ट, सोमवार

तळ्याला फेरी मारली. मोटारसायकलींचा लोंढा थांबतच नाही. माणसांनीच त्यात शिरायचं, त्या आपोआप बाजूने जातात. आत्यांनी माझं मनगट लाल होईपर्यंत धरलं होतं.

परतताना दारादारापुढे फुटपाथवर छोटी टेबलं मांडलेली दिसली. उदबत्त्या, पातळ पेज, मीठ, खडीसाखर, केळी. आत्यांना श्रावणी सोमवार. इथंबी देव पूजत्यात म्हणाल्या, हात जोडले, एक केळं उचललं आणि प्रसाद म्हणून खाल्लं. मी फोटो काढत होते. तेवढ्यात घरातून एक बाई किंचाळत धावत आली. माफी मागायला विक्रम पुढे झाला तर ती मागे सरकली. आमच्या पायांवर मूठभर मीठ फेकलं आणि दार लावून घेतलं.

आबा घरी येईपर्यंत धुमसत होते. “आमच्याकडं पाव्हण्याला पाणी देत्यात. मीठ न्हाई फेकत कुणी.”

१३ ऑगस्ट

सकाळी उठले तर आत्या फरशीवर बसून घरून आणलेलं ज्वारीचं पीठ कोरडंच खात होत्या. शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी चाटूनपुसून रिकामी. त्या एरवी अर्ध्या भाकरीवर उठणाऱ्या. भूक लागली म्हणाल्या, आणि लाजल्या.

बाजारात वेगळंच. काल हसून पेरूची फोड देणाऱ्या बाईने आत्यांना बघताच टोपलीवर फडकं टाकलं. शेवयांच्या गाडीवर आत्या बसायला गेल्या तर गाडीवाल्याने खालचं स्टूल ओढून घेतलं. त्या पडल्या. एकानेही हात दिला नाही. आयांनी पोरं आत ओढली, पुढची शटरं आम्ही पोचायच्या आत खाली आली. मागून मीठ पडत होतं. विक्रम भांडायला वळला तर दहा-बारा पुरुष नुसते उभे राहून बघत होते. डोळ्यांत राग होता, आणि त्याच्या खाली भीतीही होती.

दुपारी आत्यांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आपल्या घराबद्दल विचारायला लागल्या. दार कुणीकडं? खोल्या किती? कोण कुठं झोपतं? घराची आठवण येतेय असं वाटून मी सगळं सांगितलं. नदीवरून वर येणारी वाट, पूर्वेचं दार, ओसरी, उसाकडची मोकळी खोली. माझं प्रत्येक वाक्य त्या ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत होत्या. शेजारी बसलेल्या कुणाला तरी समजावून सांगावं तसं.

१४ ऑगस्ट

मालकिणीने मला एकटीला खाली बोलावलं. मोबाइलने तिचं मराठी केलं ते असं: या महिन्यात बेवारस मेलेले भुकेले फिरतात. घर नाही, नाव घ्यायला माणूस नाही. त्यांच्यासाठी बाहेर पान मांडतात. तुमच्या आईने त्यांच्या पानातलं खाल्लं. आता ते तिच्यातून खातात.

आमच्या तिठ्यावर उतारा ठेवलेला दिसला तर याच आत्या शेतातून वळसा घालून येतात. इथे ओळखलाच नाही.

उद्या दुपारी मालकीण त्या भुकेल्यांना जेवू घालून निरोप देणार आहे. मानलं तर जातील. मात्र तोवर त्यांना आपल्या घराची वाट सांगायची नाही.

मी विक्रमला सांगितलं की वाट मी कालच सांगून बसलेय. तो हसला. मग त्याचं हसू गेलं, कारण वरच्या मजल्यावर आत्या बोलत होत्या आणि दुसरं कुणीतरी उत्तर देत होतं.

१५ ऑगस्ट

भर दुपार. उंबऱ्यापुढे पेज, मीठ, कागदाचे कपडे मांडले. मालकीण हात जोडून पुटपुटत होती. आत्या जिना उतरल्या, पेजेकडे बघत, हळू. पहिला घास घेणार —

आबा आले. आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. “माझ्या बायकोला भूत म्हणती व्हय!” म्हणून त्यांनी लाथ मारली. पेज रस्त्यावर सांडली.

आत्या हसल्या. आधी लहान मुलासारख्या. मग खोकत हसणाऱ्या म्हाताऱ्यासारख्या. मग बरेच जण.

सगळी गल्ली धावून आली. डबे बडवत, खराटे घेऊन. आमच्या बॅगा रस्त्यावर फेकल्या. एकाने विक्रमला दगड मारला. बॅगा उचलून आम्ही पळालो. मालकीण रडत होती, ती फक्त माझ्याकडे बघत होती.

१७ ऑगस्ट. वडगाव

विमानात आत्या गाढ झोपल्या. वाटलं, सुटलो.

गावचा हनुमंत जीप घेऊन मुंबईला आला होता. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत तो खाली उतरला, मागे बघून आला. “आबा, काय माल भरलाय? पाटे पार बसल्यात, गाडी रस्त्याला टेकतीया की.” मागे नुसत्या चार बॅगा होत्या.

घरी आत्या आत येईनात. दार धरून, वाटेकडे तोंड करून उभ्या. “या. व्हय, हेच. या आत.” दिवस मावळेपर्यंत तेच. प्रत्येक वेळी थोडं सरकून, वाट करून देत.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

१९ ऑगस्ट

बाजरीची कणगी रिकामी. कुत्री घर सोडून गेली. आबा भाकरी मोडतात, तोंडाशी नेईपर्यंत हातात काही नसतं. त्यांची गालफडं बसली.

अंथरूण टाकलं की लगेच उबदार लागतं.

देवऋषी ओसरीपर्यंत आला. आत बघितलं, पायताण तिथेच टाकून पळाला.

२० ऑगस्ट

विक्रम माझ्याशी बोलत नाही. ओठ हलतात फक्त.

बाहेर पडू देत नाहीत. दारात दाटी असते. दिसत कुणी नाही — पण खांद्याला खांदे —

२१ ऑगस्ट

आत्या स्वयंपाकघरात आल्या. मायेने केसांवरून हात फिरवला. इथं लई दाटी झाली म्हणाल्या. “तुझं माह्यार राहू गावात न्हाई का? खोल्या किती हायत?”

विक्रमने तेच विचारलं. मग आबांनी. तिघांचा आवाज एकच —

मी सांगणार नाही. तोंड डाव्या हाताने दाबून धरलंय. उजवा —

राहूत शिरलं की देवळापासून डावीकडं — पेरूची बाग — निळं दार — आई एकटीच — दुपारची निजती, कडी लावत न्हाई —

हे मी लिहीत नाही — आई, ऊठ — आई, कडी ला