हार्डलीचा हुंडा

९ जानेवारी १९७३, मंगळवार

सोसायटीचा पाण्याचा ट्रॅक्टर आज पुन्हा आमच्या दारात आधी थांबला! सगळी आळी घागरी-कळश्या घेऊन पारापाशी उभी, आणि ड्रायव्हर मला म्हणतो, "मास्तरीणबाई, तुमचा रांजण भरून घ्या आदी."

मी म्हटलं, "कावून?"

"चेअरमनसायबांनी सांगितलंय."

चेअरमन म्हणजे मोहनराव. सोसायटी त्यांची, पाण्याची टाकी त्यांची, आणि हे ज्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतात तेही त्यांचंच. या माणसानं आजवर कुणाला फुकट विडी पाजल्याचं ऐकिवात नाही. आणि आता रांजणभर पाणी? तेही असल्या दुष्काळात?

शेजारच्या चतुराबाईनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. ती दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडते आणि मग रांगेत उभी राहते. मी रांजण भरून घेतला. नाही कशाला म्हणू?

यांना विचारलं. "असेल काही कारण," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. हे चष्मा पुसायला लागले की समजावं, काहीतरी लपवतायत.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. तिळाशिवायचा तिळगूळ. गोड बोलायला मात्र काही सामान लागत नाही, म्हणून सगळ्याजणी बोलून गेल्या.

हे सकाळच्या गाडीनं बीडला गेले ते दिवेलागणीला परत. पिशवी रिकामी. ना भाजी, ना चहापत्ती! "वाचनालयात होतो." दिवसभर? शर्ट धुवायला घेतला तेव्हा हुंगून पाहिला. जुन्या कागदांचा वास. बाईचा वास असता तर निदान काय ते समजलं तरी असतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

शाळेतून आले की आतल्या खोलीत दार लोटून लिहीत बसतात. आज चहा घेऊन सरळ आत शिरले.

"काय लिहिताय?"

"एका इंग्रजी क्रियाविशेषणाबद्दल."

"एका?"

"एकाच. हार्डली. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच."

मी मराठी सातवी पास आहे. क्रियाविशेषण मलाही कळतं. हळू चाल, लवकर ये. झालं, संपलं! त्याच्यावर महिनाभर काय लिहायचं असतं? छपराचा पत्रा उडालाय, तिकडं बघायला यांना सवड नाही. आणि हार्डली!

त्यात आमची मनकर्णा त्यांना सामील. गेल्या वर्षी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली. बीडला कॉलेजात घालायचं ठरलं होतं, दुष्काळानं राहिलं. आता बापानं खरडलेलं चांगल्या अक्षरात उतरवून काढते. मी आत गेले की दोघांचं बोलणं बंद. घरात काहीतरी शिजतंय, आणि चुलीपुढं मी असून मलाच त्याचा वास नाही.

२७ जानेवारी, शनिवार

आज जेवताना यांची कळी खुलली होती. ताटात रेशनच्या मिलोची, त्या अमेरिकी लाल ज्वारीची भाकरी, हातातला घास हातात, आणि हे हार्डलीची जन्मकथा सांगतायत! पाचशे वर्षांमागं म्हणे त्याचा अर्थ होता जोरानं, धीटपणे. शिपाई हार्डली लढला म्हणजे शौर्यानं लढला. मग तो कठोर झाला. मालकानं नोकराला हार्डली वागवलं, म्हणजे छळलं. मग हालात आला. म्हातारी हार्डली जगली, म्हणजे हाल काढत जगली. पुढं नुसते कष्ट राहिले. डोंगर हार्डली चढला म्हणजे धापा टाकत, पण चढला! आणि आता? आता हार्डली चढला म्हणजे चढलाच नाही म्हणा ना.

"'कष्टानं झालं' याचा अर्थ 'झालंच नाही' असा कधी झाला, तेवढं शोधायचं राहिलंय," म्हणाले. डोळे असे चमकत होते! आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही चमकले नव्हते.

"त्यात काय शोधायचं? भाकरी खा. गार होतीय," मी म्हटलं.

ऐकायला बरं वाटलं, हे खरं. बिचारा शब्द! केवढ्या ऐटीत निघाला आणि कुठं येऊन टेकला. पण भांडी घासताना पुन्हा डोक्यात किडा वळवळला. शाळेच्या अंकात चार ओळी लिहायला कंटाळणारा माणूस हे सगळं कुणासाठी लिहितोय? हे उगाच लिहायचे नाहीत, आणि मोहनराव उगाच पाणी द्यायचे नाहीत. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघतेय. अजून जुळत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

कळलं! आणि कुठं कळलं? पाण्याच्या रांगेत!

चतुराबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमाला काय कमी आता! पोरगी चेअरमनच्या घरात चालली. रांजणच काय, इहीरबी तुमचीच."

"कुणाची पोरगी?"

"आता गं बया! आईलाच ठावं न्हाई?"

बायका खुदकन हसल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

घरी येऊन यांच्यापुढं उभी राहिले. चष्म्याला हात लावू दिला नाही. मग सगळं बाहेर आलं. मोहनरावांना गावात कॉलेज काढायचंय, आणि प्राचार्य घरचाच पाहिजे. म्हणून थोरला मुलगा भारत औरंगाबादला इंग्रजीत एम.ए. करतोय. तो प्रबंधाशी अडून बसलाय. आमची-त्यांची सोयरीक जुळते. मनकर्णाला त्यांनी शाळेच्या झेंडावंदनाला पाहिलं होतं. यांना बोलावून म्हणाले, "मास्तर, हुंडा नको, मानपान नको. पोराचा तेवढा प्रबंध लिवून द्या. नाव त्याचं ऱ्हाईल."

"आन् मला कवा सांगणार होता? हळदीच्या दिवशी?"

"पक्कं झालं की सांगणार होतो."

मी आई आहे का भाडेकरू? शेवटी एवढंच विचारलं, "तुमचं नाव कुठंच येणार न्हाई?"

"नाही." मग टेबलावरचे कागद सारखे करत, "विषय मात्र माझा आहे," म्हणाले.

११ फेब्रुवारी, रविवार

राग उतरला. पुढचं लिहायला लाज वाटते, पण या पानाशी काय लाजायचं? मोहनरावांच्या मळ्यातली विहीर अजून चालू आहे. मनकर्णा त्या घरी गेली तर तिला डोक्यावर घागर घ्यावी लागणार नाही. चुंबळ ठेवून-ठेवून माझ्या टाळूवरचे केस गेलेत. तिचे तरी राहतील. हे स्थळ मला हवं आहे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

तिला विचारलं, "तुला पसंत हाय का?"

"बघू," म्हणाली आणि टाक उचलून लिहायला लागली. ही एवढी शहाणी कधीपासून झाली? माझा विश्वास नाही बसत.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रॅक्टर आला. आधी आमच्याकडं. मान खाली घालून भरून घेतलं.

१ मार्च, गुरुवार

भारत घरी यायला लागलाय. प्रबंध दिला की औरंगाबादला परीक्षकांपुढं बसून त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात म्हणे. त्याची तयारी. यांना सध्या दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला नेमलंय, यायला उशीर होतो. तोवर मनकर्णा त्याला विचारते आणि मी उंबऱ्यात मिलो निवडत बसते. निवडलेलीच पुन्हा निवडते. नजर दोघांवर.

पोरगी मोजपट्टी टेबलावर आपटते! "सांगा, सगळ्यात जुना अर्थ?"

"धीटपणे."

"मग?"

"कठोर... कठोरपणे."

"आन् कष्टाचा अर्थ कवा आला?"

पोराला घाम. चेअरमनचा मुलगा, दारात मोटारसायकल उभी, आणि आमच्या मोडक्या खुर्चीत बसून कपाळ पुसतोय. हसू दाबताना माझ्या हातातलं सूप हललं.

बोलायला गरीब आहे. फारच गरीब. मोठ्या घरचं पोर असं वागायला लागलं की मला आधी शंका येते, नाटक तर नसेल?

१३ मार्च, मंगळवार

स्टोव्ह सकाळपासून रुसला होता. भारतनं न सांगता फतकल मारली, सगळा उघडला, पुसला, जोडला. निळी ज्योत! त्याचा चेहरा असा फुलला, यांचा हार्डलीवर फुलतो तसा.

"काकू, मला इंजनाचं काम लई आवडतं. इंग्रजी न्हाई जमत. पण आमच्या अप्पांम्होरं बोलायचं कुणी?"

मला दया आली. मग वाटलं, दया यावी म्हणूनच सांगितलं असेल. स्टोव्हही त्यानंच तर बिघडवला नव्हता ना?

२६ मार्च, सोमवार

प्रबंध बांधून आला. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, भारतचं नाव. हे त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मी म्हटलं, "छान दिसतोय." तर म्हणाले, "एक पान पुन्हा लिहायला हवं होतं." माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. यांच्या नव्हतं.

संध्याकाळी ओसरीवर भारत आणि मनकर्णा कुजबुजत होते. मला बघताच गप्प. "मी त्यांना उच्चार सांगत होते," मनकर्णा म्हणाली. उच्चार कुणी कुजबुजून सांगतं होय? त्याचा चेहरा पांढराफटक. पळून जायचं ठरतंय की काय? पण पळून कशाला जातील, लग्न तर जमलेलंच आहे! मनकर्णा मागं गेल्यावर तिची पेटी उघडून पाहिली. कपडे जिथल्या तिथं. झाकण लावताना स्वतःचीच लाज वाटली, पण लावण्याआधी तळापर्यंत पाहिलं.

पाडवा

गुढी उभारली. मोहनरावांकडून साखरेच्या गाठी आल्या. मनकर्णाला साडी. सुपारी परीक्षेनंतर फुटायची.

१२ एप्रिल, गुरुवार

भारत औरंगाबादला गेला. जाताना यांच्या पाया पडला, माझ्याही. मनकर्णा बाहेर आली नाही.

१५ एप्रिल, रविवार

सगळं मातीत गेलं!

मोहनरावांची जीप दारात. बसा म्हटलं तर बसले नाहीत. ओसरीवरूनच ओरडले, "मास्तर, काय शिकवलं बे माझ्या पोराला? परीक्षकांम्होरं म्हणला, हे मी लिवलं न्हाई, आमच्या मास्तरांनी लिवलंय! चार मान्सांत नाक कापलं माझं!"

उद्यापासून शाळेची पायरी चढायची नाही, असं यांना सांगितलं. साडी परत मागितली. मनकर्णानं घडीसुद्धा मोडली नव्हती, आणून दिली. जीप गेली आणि आळीतली सगळी दारं हळूच लोटली गेली.

आणि हे? नोकरी गेली, मुलीचं स्थळ गेलं, आणि मला विचारतात, "परीक्षकांना प्रबंध कसा वाटला, ते काही बोलले नाहीत ना?" मी कपाळावर हात मारून घेतला. मग पोटभर रडले.

भित्रा मेला! चार शहाणी माणसं पाहिली आणि फाफलला असेल. मला पहिल्यापासून वाटतच होतं. मनकर्णाच्या डोळ्यांत टिपूस नाही. धसका घेतलाय पोरीनं.

१७ एप्रिल, मंगळवार

ट्रॅक्टर दारावरून सरळ पुढं गेला. मी रांगेत उभी राहिले. बायका काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. टाकी माझ्यापर्यंत येईतो संपली. चतुराबाईनं न बोलता आपल्या घागरीतलं अर्धं माझ्या कळशीत ओतलं. हिचं माझ्याकडं काय काम असेल?

लिहिलं आणि माझी मलाच चीड आली. काही काम नसेल.

१९ एप्रिल, गुरुवार

भारत आलाय. पायी. बापानं घराबाहेर काढलं. वडवणीला मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानात काम धरलंय म्हणतो. मी दार अडवून उभी राहिले. "आता कावून आलास?"

उत्तर मागून मनकर्णानं दिलं. "मीच त्यांना सांगितलं होतं आई, खरं बोला म्हणून. म्हणलं, आमच्या आबांचं नाव पुसून पदवी घेऊन आलात, तर मी हार घालणार न्हाई."

साऱ्या गावावर संशय घेतला मी. एवढा एक घ्यायचा राहिला होता.

बाजूला सरले. घरात तांब्याभरच पाणी आहे. त्याचा चहा टाकलाय, चौघांचा.