सातव्या पानावरचा आवाज

निर्मळ, १८ नोव्हेंबर

प्रिय डायना,

येशूच्या नावाने तुला आणि घरातल्या सर्वांना नमस्कार, आणि ॲनिशाला मावशीचा पापा. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळव. माझी साखर डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते ठीक आहे, एवढाच आमच्यात मतभेद. केळीचे घड यंदा चांगले धरलेत. रुडॉल्फची तब्येत उत्तम आहे. ॲनिशाच्या लग्नाचं कार्ड मिळालं. कागद जाड आहे, अक्षर सुरेख आहे, आणि "रोझमेरी व कुटुंबीय" हे मी रुडॉल्फला वाचून दाखवलं आणि यातला कुटुंबीय म्हणजे तोच, असं त्याला सांगितलं.

तू फोनवर जे म्हणालीस त्याबद्दल हे पत्र आहे. (फोनवर मी पटकन "हो" म्हणून टाकते आणि मग आठवडाभर मनात भांडत बसते, म्हणून लिहिते आहे.) तुझं म्हणणं असं, की नाशिकला दाराशी बँड असेल, रिसेप्शनला डीजे असेल, आपल्या भावाला त्रास होईल, तेव्हा त्याला शेजारी यशोदाकडे ठेवून मी एकटीनेच लग्नाला यावं. तू हे मायेनेच म्हणालीस. तुझ्या लग्नात काय झालं ते मीही विसरलेले नाही. बँडवाल्यांनी फाटकाशी पोचल्या पोचल्या ढोल बडवला आणि रुडॉल्फ नव्या सुटासकट मागच्या दाराने निघाला, तो थेट वाडीतल्या बावखलात कमरेभर पाण्यात जाऊन उभा राहिला. चर्चमध्ये तुझी मिस्सा झाली, जेवणं झाली, तरी हा पाण्यातच. (सूट नंतर इतका आटला की तो तुझ्या नवऱ्याच्या पुतण्याला दिला, तेव्हा तो दहा वर्षांचा होता.) त्या दिवसापासून आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं की जिथे आवाज तिथे रुडॉल्फ नाही. सणाला नाही, बाप्तिस्म्याला नाही, कोणाच्या लग्नाला नाही. तेव्हा तो सत्तावीसचा होता, आता छप्पन्नचा आहे. मधल्या काळात त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर मोठी.

आता विनिताबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ही मुलगी बोळिंजला एका कॉम्प्लेक्समध्ये राहते, मुंबईच्या एका विज्ञान संग्रहालयात नोकरी करते आणि रविवारी स्कूटरवरून आपल्या वाडीतली पालेभाजी न्यायला येते. मे महिन्यात ती आली तेव्हा पंप चालू होता, म्हणजे रुडॉल्फच्या कानात कापूस, त्यावर मफलर आणि त्यावर पपांची कानटोपी असा थाट होता. सगळे विचारतात, सर्दी झाली का. विनिताने विचारलं नाही. ती म्हणाली, आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी शांत सकाळ असते. दिवे मंद ठेवतात, यंत्रांचे आवाज कमी करतात, मोजकीच माणसं घेतात, कानांवर लावायला जाड गाद्यांचे पट्टे देतात, आणि कोणाला नकोसं झालं तर बसायला एक वेगळी खोली आहे. ज्यांना आवाज, उजेड, स्पर्श इतरांपेक्षा जास्त बोचतो, त्यांच्यासाठी. मी म्हटलं, अशी माणसं आणखी आहेत का गं? तर म्हणाली, "खूप आहेत आंटी. घरी बसवून ठेवलेली असतात." मी तिला मेथीची एक जुडी जास्त दिली आणि विषय बदलला.

पण तिने रुडॉल्फला मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. एक तिरकी नळी, तिच्या आत मळसूत्रासारखा पिळा, आणि टोकाला हँडल. हाताने फिरवलं की खालच्या टाकीतलं पाणी पिळ्यातून चढत वरच्या टाकीत पडतं. मोटर नाही, वीज नाही. तुला आपल्या बावखलावरचा रहाट आठवत नसेल, तू फार लहान होतीस. रुडॉल्फ शाळेतून आला की रहाटापाशी बसून पाण्याने भरून वर येणारी गाडगी मोजायचा. तेवढा एकच आवाज होता ज्याला त्याने कधी कान झाकले नाहीत. मग पपांनी पंप बसवला, रहाट मोडून त्याचं लाकूड गोठ्याला लागलं, आणि आमच्यापैकी कोणाला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. तर रुडॉल्फने विनिताच्या हातातून मोबाइल घेतला आणि दोनदा स्क्रीन काळी होईपर्यंत पाहत राहिला. मग म्हणाला, "जायचं." हा शब्द मी त्याच्या तोंडून याआधी कधी ऐकला होता ते आठवून पाहिलं. आठवला नाही.

पावसाळा सरल्यावर विनिताने एक पुस्तिका पाठवली. संग्रहालयात काय काय होणार ते पानापानावर, फोटोसकट, ओळीने. दुसऱ्या पानावर फाटक, तिसऱ्यावर निळ्या शर्टातला रखवालदार, पाचव्यावर अंधारी वाट. सातव्या पानावर असं: "येथे काचेच्या पिंजऱ्यात खोटी वीज कडाडते. आवाज मोठा असतो. तो दहा सेकंद असतो. मग थांबतो." पाण्याचा पिळा नवव्या पानावर. सातवं ओलांडल्याशिवाय नववं नाही हे रुडॉल्फने लगेच हेरलं आणि म्हणाला, सराव करू.

सराव म्हणजे मिक्सरमध्ये सुकं खोबरं. मी बटण दाबायचं, त्याने दहा मोजायचे, मी बंद करायचं. पहिल्या दिवशी तो फाटकापाशी उभा होता, दुसऱ्या दिवशी चाफ्यापाशी, मग पायरीवर, मग ओट्यावर. तीन आठवड्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला. मफलर कधी गळून पडला ते त्यालाही कळलं नाही. अडचण एवढीच की रोज चटणी होत होती. आम्ही खाल्ली, यशोदाला दिली, फादरना दिली, विनिताला मेथीबरोबर दिली. शेवटी यशोदा कुंपणाच्या वईपलीकडून म्हणाली, "रोझीबाय, भाकरी संपते पण तुझी चटणी संपत नाय. आता रिकामाच फिरव तो मिक्सर." मी रिकामा फिरवून पाहिला, पण रुडॉल्फ म्हणाला आवाज वेगळा आहे.

गेल्या शनिवारी निघालो. गाडी यशोदाच्या भावेशची. त्याला मी आदल्या दिवशीच बजावलं होतं की हॉर्न वाजवायचा नाही. तो म्हणाला, "आंटी, हॉर्नशिवाय नालासोपारा क्रॉस झालाय का कधी कोणी?" पण पोरगा शब्दाला पक्का. हॉर्नला हात लावला नाही. त्याऐवजी काच खाली करून, डोकं बाहेर काढून, प्रत्येक रिक्षावाल्याला त्याच्या घराण्यासकट हाक मारत गेला. त्याच्या आवाजापुढे हॉर्न म्हणजे अंगाईगीत. हायवेच्या अलीकडे रुडॉल्फनेच त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "हॉर्न वाजव. आधी सांग." तिथून पुढे मुंबईपर्यंत भावेश दर खेपेला "काका, वाजवतो हां" म्हणायचा आणि मगच वाजवायचा. दहिसरनंतर तो एकदा रिकाम्या रस्त्यावरही म्हणाला, सवयीने.

फाटकावर निळ्या शर्टातला रखवालदार पुस्तिकेतल्यासारखाच उभा होता. नाव हिरामण, निघाला चांदीपचा, आपल्याच तालुक्याचा. एवढं कळल्यावर त्याने सलाम ठोकून आमचं स्वागत केलं आणि कुजबुजत म्हणाला, "आपलीच मानसं की. तुमी येनार म्हनून सगळं बंद करून ठेवलंय. पंखा पन." खरंच आत एकही यंत्र चालू नव्हतं. आम्ही घाम पुसत पहिली सहा पानं पार केली. मी रुडॉल्फच्या कोपराला धरलेलं, बँडच्या त्या दिवसापासून धरते तसं, आणि मनात म्हणत होते की किती छान चाललंय.

सातव्या पानाशी तो थांबला. काचेचा पिंजरा समोर, पुस्तिका उघडी, आणि आवाज नाही. मी म्हटलं, चल, बरं झालं की. तो म्हणाला, "सातवं झालं नाही." हिरामण म्हणाला, काका, आज वीज बंद आहे, खास तुमच्यासाठी. कोणीतरी आधी फोन करून तसं सांगितलं होतं म्हणे. रुडॉल्फने त्याला पुस्तिका दाखवली. हिरामणने वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "लिवलंय खरं." तेवढ्यात मागून एक विशीची मुलगी आली, आर्या नावाची, कानांवर निळा पट्टा, हातात तीच पुस्तिका, सातव्याच पानावर उघडलेली. ती रुडॉल्फच्या मागे उभी राहिली. तिची आई तिला पुढे ओढत होती आणि मी माझ्या भावाला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हात सोडले. मग त्यांच्या मागे आणखी तिघं उभी राहिली. हिरामण मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आठ वर्सं झाली नोकरीला. लोक आवाज बंद करा म्हनून भांडतात. ही लाइन कसली म्हनायची?"

विनिताला बोलावून आणलं. तिने रांग पाहिली, पुस्तिका पाहिली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, सगळ्यांना विचारलं, आणि बटण दाबलं.

डायना, मी तुला तो आवाज सांगू शकत नाही. मिक्सरचं बटण तीन आठवडे माझ्याच हातात होतं, त्यामुळे दचकायचा सराव तेवढा माझा राहून गेला होता. मी "येसू माझ्या" म्हणून ओरडले ती विजेपेक्षा मोठ्याने. पर्स पडली, चष्मा पडला, साखरेच्या गोळ्या घरंगळत पिंजऱ्याखाली गेल्या. रांगेतले पाचही जण मात्र ओठ हलवत दहापर्यंत मोजत होते. दहाला आवाज थांबला. रुडॉल्फने पान उलटलं. मग माझ्याकडे वळून पाहिलं, पुस्तिकेचं अकरावं पान काढून मला दाखवलं (नकोसं झालं तर बसायची खोली), माझं कोपर धरलं आणि मला तिथे नेऊन बसवलं.

त्या खोलीत फिक्कट उजेड आहे, भिंतींना मऊ कापड आहे आणि बसायला दाण्यांनी भरलेली मोठी गादीसारखी पिशवी आहे, जिच्यात माणूस बसतो म्हणण्यापेक्षा पडतो. मी पडले ती उठता येईना. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी सरळ पाठीने बसायला शिकवलेली मी, दोन्ही पाय वर, आणि खरं सांगू का, बरं वाटत होतं. डोळे मिटले. वीस मिनिटांनी विनिता आणि आर्याची आई अशा दोघींनी मला ओढून काढलं तेव्हा कळलं, की रुडॉल्फ नववं पान करून आलासुद्धा. माझ्याशिवाय.

झालं ते हिरामणकडून कळलं. पिळ्याचं हँडल करकरतं, म्हणून त्याने ते आमच्यावरच्या मायेने काढून आपल्या कपाटात डब्याशेजारी ठेवलं होतं. रुडॉल्फ म्हणाला, करकरू दे. स्वतः बसवलं आणि फिरवत राहिला. पाणी चढलं. आर्या बाजूला बसून मोजत होती. गाडीत बसल्यावर रुडॉल्फने मला तीन गोष्टी सांगितल्या: एकशे चाळीस फेऱ्यांत वरची टाकी भरते, करकर खालच्या कण्यातून येते, आणि असा पिळा आपल्या बावखलात बसेल. मग झोपला. पिळा मी काही पाहिला नाही. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, पण कशाचं ते नीट सांगता येत नाही.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला तेल लावत जा, लग्नाच्या धावपळीत जेवण चुकवू नकोस. पवित्र मरियेची पाखर तुम्हा सर्वांवर असू दे.

तुझी,
रोझमेरी

ता. क. संग्रहालयात आधी फोन करून वीज बंद ठेवायला सांगणारी मीच. विनिताने तेव्हा विचारलं होतं, "अंकलना विचारलंत का?" मी म्हटलं, त्याला काय विचारायचं, मी ओळखते त्याला. तेव्हा तुझ्यावर मी रागावले आहे असं समजू नकोस. तू फोनवर जे केलंस तेच मी केलं होतं, आणि माझी तर त्याच्याशी रोजची गाठ.

ता. क. २. परवा रुडॉल्फने लग्नाचं कार्ड पुस्तिकेशेजारी ठेवलं, पुढून मागून पाहिलं आणि विचारलं, "याची पानं कुठे?" एकुलता एक मामा आहे, त्याला यायचं आहे. तेव्हा मला लिहून पाठव: बँड किती वाजता सुरू होणार, किती मिनिटं वाजणार, ढोल आधी की सनई. डीजेच्या हॉलला दुसरं दार आहे का. न विचारता मिठ्या मारणारे पाहुणे किती (तुझी नणंद टिफनी हिचं मी वेगळं पान करणार आहे). आणि मायेच्या भरात बँड रद्द करू नकोस. पानावर बँड असला आणि दाराशी नसला, तर रुडॉल्फ दारातच थांबेल, मिस्सा खोळंबेल, आणि या खेपेला मी त्याला पुढे ओढणार नाही.

ता. क. ३. विनिताच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर फोटो नाही, एकच वाक्य आहे: "तुम्ही येणार आहात याचा आम्हाला आनंद आहे." लग्नाची बाकीची पानं मी इथे तयार करीन, ॲनिशा फोटो पाठवेल. पहिलंही मी काल लिहून त्याला दिलं होतं. त्याने अक्षर ओळखलं आणि कागद परत केला. तेव्हा ते तू तुझ्या हाताने लिहून पाठव. साधं पोस्ट चालेल, पण लवकर टाक. तो पहिल्या पानापाशी थांबून आहे.